परवाचं भेकर

एका जंगलात एक वाघ राजा होता आणि त्याला रोज दुपारी भूक लागायची. यात नवल काही नाही, भूक तुम्हालाही लागते. पण तुम्हाला लागली की आई ताट वाढते. वाघाला लागली की सगळं जंगल पळत सुटायचं. चरणाऱ्यांचं चरणं अर्धवट राहायचं, पिल्लं हरवायची, ससे भलत्याच बिळात शिरायचे आणि आतल्या मुंगसाला "सॉरी हं" म्हणून बाहेर यायचे. बाहेर वाघ असायचा.

म्हणून जनावरांनी पाळी लावून घेतली. रोज दुपारी एकानं आपण होऊन वाघाच्या खडकावर जायचं आणि बाकीच्यांनी निवांत चरायचं. ही पद्धत तुम्ही आणखी कुठल्या गोष्टीत ऐकली असेल. जंगलं एकमेकांची नक्कल करतात, त्याला मी काय करू?

पाळी कोणाची, हे एका म्हाताऱ्या घुबडाच्या लक्षात असायचं.

"सांबर कधी गेलं हो?" कोणी विचारायचं.

"परवा."

"आणि रानडुकराची पाळी कधी?"

"परवा."

आता मुलांनो, आपल्या भाषेत ही एक गंमत आहे. होऊन गेलेला परवा तोही परवाच आणि यायचा आहे तो परवा तोही परवाच. पण घुबडाची मान पार पाठीमागं वळते. मान मागं वळवून ते 'परवा' म्हणालं की तो झालेला परवा. समोर बघून म्हणालं की यायचा. त्यामुळं कधी घोटाळा झाला नाही. जंगल सुखात होतं. म्हणजे पाळी येईपर्यंत प्रत्येक जण सुखात होता, आणि पाळी आल्यानंतर कोणी तक्रार केली नाही.

अशात शहरातून एक कोल्हा परत आला.

साधा कोल्हा गेला होता, 'कोल्हे सर' होऊन आला. शहरात एका क्लासच्या खिडकीखाली तो राहायचा. मुलं वरून पावाच्या कडा टाकायची आणि बाई आत डेटाबेस शिकवायच्या. कडा खाता खाता कोल्ह्याच्या कानावर सगळं पडलं. माहितीची रचना कशी करावी, तिला प्रश्न कसे विचारावेत, उत्तरं झटपट कशी काढावीत, आणि साठलेल्या माहितीच्या ढिगातून ज्ञान कसं उकरून काढावं, सगळं. फक्त मधे एक दिवस पावसाची झड आली म्हणून खिडकी लावून घेतली होती. त्या दिवशी बाई 'तारखा कशा ठेवाव्यात' हा धडा शिकवत होत्या.

एवढं लक्षात ठेवा. मागच्या बाकावरच्यांनीही.

कोल्हे सर थेट खडकावर गेले. "महाराज," ते म्हणाले, "शेजारच्या जंगलात तो सिंह आहे ना, तो अजून घुबडावर चालवतो."

"आम्हीही घुबडावरच चालवतो," वाघ म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," कोल्हे सर म्हणाले आणि खिन्नपणे हसले.

वाघाला फार लाज वाटली. भूक त्याला सोसवत नव्हती, पण सिंहासारखं दिसणं त्याहून सोसवत नव्हतं. त्याच दिवशी त्यानं हुकूम काढला. घुबडाला निवृत्ती, कोल्हे सरांना नेमणूक, आणि सगळ्या जनावरांना शिकवणी सक्तीची. शिकवणारा पाळीतून माफ.

मोठ्या वडाच्या बुंध्याला ओळीनं ढोल्या होत्या. सरांनी प्रत्येक ढोलीला नाव दिलं. पहिली 'राहिलेले'. मग 'परवा', 'उद्या', 'आज', 'काल', मग पुन्हा 'परवा', आणि शेवटची 'संपलेले'. प्रत्येक जनावराच्या नावाचं एक पान. रोज सकाळी खारींनी 'राहिलेले'मधून एक पान काढायचं आणि बाकी ढोल्यांतलं प्रत्येक पान पुढच्या ढोलीत सरकवायचं. पान 'आज'मध्ये आलं की त्या जनावरानं अंग चाटून पुसून खडकाकडं निघायचं.

"म्हणजे आमचं मरण झाडावर दिसणार?" एका सशानं विचारलं.

"पारदर्शकता!" सर म्हणाले. सशाला शब्द आवडला. तो दिवसभर म्हणत फिरला.

मग शिकवणी सुरू झाली, आणि काय सांगू तुम्हाला! खारींना काही विचारायचं तर सरळ विचारून चालत नसे. ठरलेल्या साच्यात विचारावं लागे. "आणा पान, अमक्या ढोलीतून, जिथे नाव तमकं." एक शब्द इकडचा तिकडं झाला की खार शेपूट ताठ करून दगडासारखी बसून राहायची. माकडानं प्रेमानं विचारलं, "खारूताई, जरा माझं पान देतेस का गं?" खार बसली ती बसलीच. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं उचलून घरी नेली.

आणि 'जिथे' विसरलात तर मेलात. अस्वल विसरलं. "आणा पानं, राहिलेल्यांतून," एवढंच म्हणालं आणि गप्प बसलं. खारींनी ढोलीतलं पान न् पान आणून त्याच्या डोक्यावर ओतलं. अस्वल पानांखाली गेलं. ते तिथंच झोपलं, कारण त्याला तसं झोपायला आवडतं.

"जिथे!" सर ओरडायचे. "जिथे, जिथे, जिथे! अट घाला! अट नसेल तर सगळं जंगल अंगावर येईल!"

आता या वर्गात गजरा नावाचं एक भेकर होतं. भेकर म्हणजे लहानसं हरीण. ते घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं, आणि गजरा तर कशालाही घाबरायची. पान पडलं, भ्यॉक! सरांनी प्रश्न विचारला, भ्यॉक! स्वतःच्या भ्यॉकला घाबरून आणखी एक भ्यॉक! अभ्यासात ती ढ होती, हे मी सांगून टाकतो, म्हणजे पुढं ती काही हुशारी करेल अशी आशा तुम्ही धरणार नाही. तिला एकाच विषयात गती होती, तो म्हणजे करवंदं. वडाच्या पलीकडं एक जाळी होती आणि ती दरवर्षी काळीभोर लगडायची. गजरा वर्षभर त्या जाळीची वाट बघायची. या वर्षी करवंदं अजून हिरवी होती, दगडासारखी घट्ट. रोज जाऊन ती एक चावून बघायची आणि चिकानं ओठ चिकटले की परत यायची.

एके सकाळी ती वर्गात आली तर तिचं पान 'राहिलेले'मधून निघून 'परवा'मध्ये गेलेलं होतं.

ती भुंकली नाही. जागच्या जागी बसली.

"आई गं," ती घरी जाऊन म्हणाली, "करवंदं पिकायच्या आधीच."

"किती आधी?" आईनं विचारलं.

"अजून गुलाबीसुद्धा झाली नाहीत."

 आई तिला जवळ घेऊन तिची मान चाटत बसली. मुलांनो, मला इथं वाईट वाटतं. गोष्ट मीच सांगतोय, तरी वाटतं.

पण त्याच दिवशी दुपारी वाघ सरांवर डाफरला. "जेवण फार उशिरा येतं! मी विचारतो आज कोण, तर खारी सगळं झाड पालथं घालतात. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि आज त्यातला एक खराच होता, ऐन वेळी दुसरं काही सापडलं नाही म्हणून."

"गती वाढवतो, महाराज," सर म्हणाले.

ते वडाखाली आले. त्यांनी ओळीनं ढोल्या बघितल्या. राहिलेले, परवा, उद्या, आज, काल, परवा, संपलेले. आणि सरांच्या अंगावर काटा आला.

"परवा दोनदा!" ते किंचाळले. "एकच गोष्ट दोन ठिकाणी! ही दुरुक्ती आहे! डेटाबेसमधलं सगळ्यात मोठं पाप!"

"सर," माकड म्हणालं, "पण एक परवा इकडचा आहे आणि एक तिकडचा."

"तुझ्या वहीत दोन परवा वेगळे लिहितोस का? कसे लिहितोस? लिही बघू."

माकडानं जमिनीवर लिहिलं, परवा. मग शेजारी लिहिलं, परवा. बराच वेळ दोन्हीकडं बघत बसलं आणि मग गुपचूप खाली बसलं. निवृत्त घुबडानं मान मागं वळवून दाखवली, पुन्हा पुढं वळवून दाखवली. पण पानाला मान नसते, आणि सर म्हणाले की हे हावभाव माहितीत बसत नाहीत.

पहिली परवाची ढोली सरांनी चिखलानं लिंपून टाकली. तिच्यातलं पान दुसऱ्या परवात गेलं. ते गजराचं पान होतं.

शोध झटपट व्हायला लागला. खारी निम्म्या वेळात उत्तर आणायला लागल्या. 'उद्या' आणि 'आज' या ढोल्यांत जे आधीच होते ते रीतसर जेवणात गेले. एक भांडखोर रानडुक्कर होतं आणि एक पोक्त सांबर. त्यांच्यासाठी आपण क्षणभर स्तब्ध उभे राहू. झालं. बसा.

मग गजराची दुपार उजाडली. आईनं तिचे कान पुसले, कपाळावर माती लावली. गजरा खडकाकडं निघाली. वाटेत भ्यॉक, चढावर भ्यॉक, वर पोचल्यावर तर भ्यॉकची माळच. वाघानं जिभल्या चाटल्या.

"ये," तो म्हणाला. "सर, नोंद करा."

सर सवयीनं म्हणाले, "आणा पान, आजच्या ढोलीतून, जिथे नाव गजरा."

खार गेली आणि आली. "आज रिकामं आहे."

"सगळीकडून आणा, जिथे नाव गजरा."

खार पान घेऊन आली. "गजरा भेकर. ढोली संपलेले. कधी संपली, परवा."

 वाघानं गजराकडं पाहिलं. गजरानं स्वतःकडं पाहिलं.

"महाराज," सर हळूच म्हणाले, "हिला आपण परवाच खाल्लंय."

"पण ती समोर उभी आहे!"

"दिसतेय खरी. पण नोंद तसं म्हणत नाही."

"मी खाऊन टाकतो. मग नोंद खरी होईल."

"नको!" सर कळवळून म्हणाले. "एकच भेकर दोनदा खाल्लं असं होईल. दुरुक्ती, महाराज! शेजारच्या सिंहाला कळलं तर तो म्हणेल, या वाघाला आपण कोणाला खाल्लं तेही माहीत नसतं."

वाघ मागं सरला. "मग आज मी काय खाऊ?"

"आज रिकामं आहे. म्हणजे आज आपल्याला जेवण नाही."

"पण मला भूक लागलीय!"

तेव्हा कोल्हे सरांनी शेवटचा धडा बाहेर काढला. ढिगातून ज्ञान उकरण्याचा. त्यांनी संपलेल्यांची ढोली पालथी केली, पानं पसरली, भोवती फिरले, दोन पानं हुंगली आणि एकदम उडी मारली.

"सापडलं! महाराज, आजवर ज्या ज्या दिवशी आपण जेवलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला भूक लागली. एकही अपवाद नाही. एकही! याचा अर्थ उघड आहे. जेवणानं भूक लागते."

वाघानं जबडा वासला. एवढी वर्षं तो जेवत होता आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

"म्हणजे जेवलो नाही तर..."

"मुळावरच घाव, महाराज."

वाघ इतका खूश झाला की त्यानं सरांना मिठी मारली. सरांच्या दोन बरगड्या दुखावल्या, पण चेहऱ्यावर अभिमान होता.

"मी... मी जाऊ?" गजरानं विचारलं.

"तू आहेसच कुठं?" वाघ म्हणाला.

गजरा घरी आली. आई दारात रडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "आता मेल्यावर तरी वेळेवर घरी येत जा की गं!" आणि मग दोघी एकमेकींना धरून इतक्या नाचल्या की शेजारचं साळिंदर काटे उभारून बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी ससा आपलं पान बघायला गेला. तोही परवा संपलेला. तिसऱ्या दिवशी चितळ. 'राहिलेले'मधून निघालेलं पान आता त्या एकाच परवात पडायचं आणि तिथून 'उद्या'त न जाता थेट 'संपलेले'मध्ये जायचं. सगळी संपत होती आणि सगळी चरत होती. जंगलात नुसता आनंदीआनंद. ससे दिवसाढवळ्या उताणे झोपायचे. चितळं पाणवठ्यावर शिवाशिवी खेळायची. भेटल्यावर रामराम म्हणायच्या ऐवजी जनावरं म्हणायची, "काय, कधी खाल्लं तुला?" "परवा! आणि तुला?" "मलाही परवाच!" आणि पोट धरून हसायची. वाघाचं पोट मात्र पाठीला लागलं होतं.

वाघानं दम धरला, पण भूक काही जाईना. पट्टे एकमेकांना चिकटले. गुरगुर तोंडातून येते की पोटातून ते त्यालाही कळेना. शेवटी त्याला शंका आली आणि तो स्वतः वडाखाली आला. त्या वेळी गजरा पलीकडच्या जाळीत होती. करवंदं तांबूस झाली होती. तिनं वाघाला पाहिलं आणि तोंडातलं करवंद तसंच धरून थिजून उभी राहिली.

"मला स्वतः विचारायचंय," वाघ म्हणाला. "खारींनो! आणा पानं, संपलेल्यांतून!"

"जिथे, महाराज, जिथे!" सर ओरडले. पण राजाला अट घालायची सवय नसते. खारींनी सगळी ढोली त्याच्यावर ओतली. वाघ पानांत बुडाला. मग एक डोळा बाहेर आला, एक मिशी बाहेर आली, आणि त्या डोळ्यानं पानं वाचली. ससा, परवा. चितळ, परवा. चौसिंगा, परवा. गजरा, परवा.

"हे सगळं मी परवा खाल्लं?" तो खोल आवाजात म्हणाला. मग तो डोळा जाळीकडं वळला. "ए भेकरा. तू गजरा ना? खरं सांग. तुझी पाळी कधी?"

मुलांनो, आता बघा. ती 'झाली' म्हणाली असती तर ते खोटं झालं असतं, आणि गजराला खोटं बोलता यायचं नाही, लगेच भुंकायची. 'व्हायचीय' म्हणाली असती तर तिथंच संपली असती. हुशार जनावरानं विचार केला असता. गजरानं केला नाही. तिला ढोलीवरचं, पानावरचं, आईजवळ रडताना घोकलेलं एकच उत्तर येत होतं.

"परवा, महाराज," ती म्हणाली.

वाघ तिच्याकडं बघत राहिला. तिची मान ना मागं, ना पुढं. गजरा सरळ त्याच्याकडं बघत होती, कारण भीतीनं तिची मानच आखडली होती.

"परवा," वाघ सुस्कारा टाकून म्हणाला. "म्हणजे नोंद बरोबर आहे." तो अंगावरची पानं झटकत उठला आणि सहज म्हणाला, "बरं, आणा पान, सगळीकडून, जिथे नाव कोल्हे सर."

साचा अगदी अचूक होता. खारी धावल्या आणि रिकाम्या आल्या. "असं पानच नाही."

"मी रचनाकार, महाराज," सर म्हणाले. "रचनाकार रचनेच्या बाहेर असतो."

"म्हणजे तुम्हाला खाल्लं तर दुरुक्ती होणार नाही?"

आता सर होते हाडाचे शिक्षक. आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थ्यानं त्यांना बरोबर प्रश्न विचारला होता. त्यांचा चेहरा उजळला.

"फार छान प्रश्न आहे, महाराज!" ते म्हणाले. "नाही होणार."

पुढचं सांगत नाही. खारींना विचारलं, आज महाराजांनी कोणाला खाल्लं, तर त्या म्हणाल्या, कोणालाच नाही.

आणि दुसऱ्या दिवशी वाघाला भूक लागली.

तो खडकावर बसला आणि ढसाढसा रडला. "सर बरोबर म्हणत होते," तो म्हणाला. "जेवलो, आणि बघा, लागली. केवढा विद्वान माणूस! मी त्याचं नीट ऐकूनही घेतलं नाही." पश्चात्तापानं त्यानं ठरवलं की आपण स्वतः शहरात जायचं, त्याच खिडकीखाली बसायचं आणि राहिलेला धडा शिकून यायचं. तो गेला. त्या क्लासची हजेरी अलीकडं घटली आहे असं ऐकतो.

वाघ निघताना जनावरांनी विचारलं होतं, "महाराज, परत कधी?"

"परवा," वाघ म्हणाला होता.

 सगळे घुबडाकडं धावले. "आजोबा, वाघ परवा येणार म्हणतो! कुठला परवा?" म्हाताऱ्या घुबडानं खूप विचार केला, मान पार पाठीमागं वळवली आणि म्हणालं, "परवा."

म्हणजे येऊन गेला! जंगलानं सुटकेचा श्वास सोडला.

आणि जाळीत करवंदं काळी झाली. गजरानं पहिलं करवंद तोंडात टाकलं, रस हनुवटीवरून ओघळला, आणि ती आनंदानं इतकी जोरात भुंकली की स्वतःच घाबरली. मग तिनं दुसरं खाल्लं.

तात्पर्य: अर्धवट ज्ञान फार धोक्याचं असतं, पण फक्त ज्याला असतं त्याला. बाकीच्यांना ते चांगलं मानवतं. म्हणून मुलांनो, गुरुजींचा एखादा धडा बुडाला असेल तर त्यांना तो शिकवायला जाऊ नका, आणि कोणी तारीख विचारली तर समोर बघून उत्तर द्या.

या गोष्टीवरचे प्रश्न सोडवून परवा आणावेत.